कपाचं मटेरियल नंतर, आधी तो कुठे जाऊन पडणार ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बाणेरला छोटं कॉफी शॉप काढताय, दिवसाला अडीचशे-तीनशे कप जातील असा अंदाज आहे, कप एकदम इको-फ्रेंडली पाहिजे आणि स्वतःचं डिझाईन करून घ्यायचंय, तर बगॅस म्हणजे उसाच्या चोथ्याचा घेऊ, पीएलए या वनस्पतीपासून बनणाऱ्या प्लास्टिकचं कोटिंग असलेला घेऊ की सरळ कुल्हड. मी गेली सतरा वर्षं पिरंगुटला भाड्याच्या गाळ्यात पेपर कप बनवतोय, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी फोनवर येतोच आणि प्रत्येक वेळी मी आधी उलटा प्रश्न विचारतो, की कॉफी पिऊन झाल्यावर तो कप कुठे जाणार? बहुतेक जण म्हणतात "डस्टबिनमध्ये." बरं, आणि तिथून पुढे? मग शांतता.

आधी साधा पेपर कप काय असतो ते समजून घ्या, कारण "पेपर" या शब्दानेच सगळा घोळ केलाय. नुसता कागद कॉफी धरत नाही, म्हणून मिलमध्ये बोर्डच्या एका बाजूवर पॉलिथिनचा पातळ थर देतात, चौरस मीटरला साधारण 15 ते 20 ग्रॅम. तो थर नुसतं पाणी अडवत नाही, तोच गोंदाचं पण काम करतो. आमच्या मशीनवर पंख्याच्या आकारात कापलेला बोर्ड म्हणजे ब्लँक येतो, तो साच्याभोवती गुंडाळला जातो, उष्णतेने प्लास्टिक वितळून उभी सीम म्हणजे जोड चिकटतो, खाली रीलमधून बॉटम कापून बसतो, त्याला नर्लिंग होतं म्हणजे दातेरी चाकाने दाबलं जातं आणि शेवटी वरची कड गोल वळते. म्हणजे प्लास्टिक काढलं तर कप गळेल हा पुढचा भाग, आधी तो कप म्हणून उभाच राहणार नाही. कुणाला पटत नसेल तर घरी करून बघा, एक कप उभा कापून रात्रभर पाण्यात टाका, सकाळी बोटाने चोळा, कागदाचा लगदा सुटतो आणि हातात दुधावरच्या सायीसारखा पारदर्शक पापुद्रा राहतो, अख्खा, कपाच्या आकाराचा. माझ्या पुतणीने शाळेच्या प्रोजेक्टला हे केलं होतं आणि घरातल्या सगळ्यांनी मलाच टोमणे मारले.

त्या पापुद्र्याची अजून एक गोष्ट. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी 2020 मध्ये तपासलं होतं, 85 ते 90 डिग्रीचं 100 मिली पाणी पेपर कपात 15 मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिकचे कण उतरतात. मी कप विकणारा माणूस, तरी सांगतो की तुम्ही फिल्टर कॉफी उकळती ओतणार असाल तर हे डोक्यात ठेवा. कॅपुचिनोचं दूध साधारण 60-65 डिग्रीला असतं, तिथे प्रकरण तेवढं तापत नाही.

आता पीएलए. हे मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून बनतं, कंपोस्ट होतं, सगळं खरं. पण कुठे होतं? इंडस्ट्रियल कंपोस्टिंगमध्ये, जिथे ढीग 58-60 डिग्रीला बरेच आठवडे टिकतो, ओलावा आणि हवा मोजून दिली जाते. तुमच्या सोसायटीच्या कंपोस्ट पिटमध्ये एवढी उष्णता टिकत नाही. मी स्वतः आमच्या गच्चीवरच्या कंपोस्टच्या टोपलीत पीएलएवाले चार कप टाकले होते, फाडून, नीट. भाजीची देठं, चहाचा चोथा सगळं मातीला मिळालं, कागद पण गेला, आणि सात महिन्यांनी खत चाळताना चाळणीवर काय उरलं तर तोच पापुद्रा, ठिसूळ झालेला पण उरलेला. बायको म्हणाली "हेच का तुमचं मातीत मिसळणारं?" काय बोलणार.

बरं, सोसायटीत नाही तर महापालिकेच्या व्यवस्थेत तरी होईल का, तर पुण्यात कचरा कसा फिरतो ते बघा. घराघरातून, दुकानातून ओला-सुका वेगळा घेणाऱ्या बहुतांश ताई 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या, त्यांची मूळ संघटना कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 ची. या बायकांना मटेरियलचं जेवढं कळतं तेवढं भल्याभल्या पॅकेजिंगवाल्यांना कळत नाही. एकदा मी मुद्दाम सॉर्टिंग शेडवर अर्धा दिवस उभा होतो. एक ताई खाली बसून दोन्ही हातांनी माल उडवत होत्या, पुठ्ठा इकडे, पाण्याची बाटली तिकडे, दुधाची पिशवी दाबून तिसऱ्या गोणीत, आणि पेपर कप आला की बघायच्या पण नाहीत, सरळ मागे. मी माझाच एक कप उचलून विचारलं, हा का नाही? त्यांनी तो हातात घेऊन अंगठ्याने कड उलगडली, आतली चकाकी दाखवली आणि म्हणाल्या, "दादा, ह्याला प्लास्टिकवाला कागद म्हणतो न् कागदवाला प्लास्टिक म्हणतो, भंगारवाला घेतच नाही." त्यात तळाला दोन घोट कॉफी, साखर, मुंग्या, म्हणजे सोबतच्या चांगल्या पुठ्ठ्याची पण वाट लागते. मी शेडसमोर लावलेल्या गाडीत जाऊन बसलो आणि थोडा वेळ गाडी चालूच केली नाही.

आता गंमत बघा, पीएलएचा कप दिसायला डिट्टो साध्यासारखाच. त्या ताईंनी तो ओळखायचा कसा? ओल्यात टाकला तर कंपोस्टवाला प्लास्टिक समजून वेचून फेकतो, सुक्यात टाकला तर भंगारवाला घेत नाही, म्हणजे दोन्हीकडून तो शेवटी कचरा डेपोलाच. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं नाकाने भोगलाय ते सांगायला नको. आणि तिथे ढिगाच्या पोटात हवा नसते, कागद तिथे सडतो तेव्हा मिथेन सोडतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की पुण्यात बसून कप डिझाईन करायचा तर शेवटाकडून मागे यायचं. मटेरियल ही चौथी-पाचवी गोष्ट आहे.

पहिली गोष्ट, कप द्यायचाच कशाला. चिडू नका, कप विकणाराच बोलतोय. तुमच्या दुकानात थांबून पिणारे किती आणि घेऊन जाणारे किती हे मोजलंय का? माझ्या एका पार्टीला मी एक शनिवार काउंटरशेजारी उभं राहून मोजायला लावलं, निम्म्याहून जास्त लोक दारात, कट्ट्यावर नाहीतर बाईकला टेकून तिथेच पीत होते आणि पाच-सात मिनिटांत रिकामा कप बास्केटमध्ये टाकत होते. या लोकांना पेपर कप कशाला? डेक्कनला गुडलक कॅफेत माणूस बसला की चहा कपबशीत येतो आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे अमृततुल्यमध्ये पण काच नाहीतर कपबशीच होती, कागदी कप हे गेल्या काही वर्षांतलं फॅड, भांडी घासणारा पोरगा मिळत नाही म्हणून आलेलं. लोक म्हणतात धुवायला पाणी आणि गॅस लागतोच ना. लागतो. कॅनडातल्या मार्टिन हॉकिंग नावाच्या केमिस्टने 1994 मध्ये हा ऊर्जेचा हिशोब मांडला होता, काचेचा कप 15 वेळा आणि चिनी मातीचा 39 वेळा वापरला की तो कागदी कपाच्या बरोबरीला येतो, त्यापुढे फायदाच. हॉटेलातला काचेचा ग्लास फुटायच्या आधी 15 वेळा वापरला जात नसेल तर पोरगा बदला.

घेऊन जाणाऱ्यांसाठी डिपॉझिटचा कप हा प्रकार आहे, जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात 2016 मध्ये सुरू झाला होता, 1 युरो ठेवा, कप न्या, शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही सामील दुकानात परत करा. आपल्याकडे मी एका आयटी पार्कातल्या कँटीनला स्टीलचे ग्लास असे फिरवताना बघितलंय, डिपॉझिट न घेता. दोन महिन्यांत निम्मे ग्लास गायब, नंतर कळलं की लोकांच्या डेस्कवर पेनं ठेवायला गेले. पैसे अडकले नसतील तर वस्तू परत येत नाही, एवढं त्यातून कळलं. बाणेरला आजूबाजूच्या तीन-चार ऑफिसांपुरतं 50 रुपये डिपॉझिटवर करून बघायला हरकत नाही.

एवढं करून जे उरतं त्यासाठी कप, आणि आता डिझाईन.

साईज. 250 मिलीचा कप साधारण आठ-दहा ग्रॅमचा. दिवसाला 300 धरले तर रोज 3 किलो, वर्षाला टनभर. तुम्ही 150 मिली कॉफी 250 च्या कपात देता कारण तो भरगच्च वाटतो, तर तिथेच मटेरियल वाया. 110, 150, 210 असे सरसकट मिळणारे साचे आहेत, तुमच्या रेसिपीला बसणारा घ्या, नवीन साचा पाडायचा नाद नको. झाकण लागणारच असेल तर सगळ्या साईझेसना वरचा व्यास एकच ठेवा, मग एकच झाकण पुरतं. आणि झाकण मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हा एक नियम माझ्या मते सगळ्या कोटिंगच्या चर्चेपेक्षा भारी आहे. चालत जाणाऱ्याला लागतं, टेकून उभ्या असलेल्याला नाही.

डबल वॉल, रिपल वॉल हे शुद्ध शायनिंग. हात भाजू नये म्हणून दुसरा अख्खा कागदी कपडा कपाला घालायचा. त्यापेक्षा सिंगल वॉल कप आणि लागेल त्यालाच पुठ्ठ्याची स्लीव्ह, स्लीव्हला कोटिंग नसतं, कोरडी राहते, ती पुठ्ठ्यात विकली जाते आणि ताईंना चार पैसे मिळतात.

प्रिंटिंगमध्ये लोक फार मोठा गैरसमज करून घेतात. ब्राऊन क्राफ्ट रंगाचा कप, त्यावर हिरवं पान, झाला इको-फ्रेंडली! आतमध्ये तेच पॉलिथिन. काळ्या रंगाने फुल फ्लड केलेला म्हणजे पूर्ण रंगवलेला कप तर अजूनच वाईट, शाईच शाई. एका रंगात छोटा लोगो, कडेपासून ओठ लागतो तेवढी पट्टी कोरी, बास. ती पान आणि पृथ्वीची चित्रं काढू नका प्लीज, आणि "100% बायोडिग्रेडेबल" तर अजिबात छापू नका. कंपोस्टेबल म्हणून विकायचं तर आपल्याकडे आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, सप्लायरकडे त्याची कॉपी मागा. नुसतं "सर आपला माल ग्रीन आहे" यावर जाऊ नका. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, देशभरात 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे कप-ग्लास बंद, आणि त्याच जुलैत राज्याने प्लास्टिक कोटिंगवाल्या कागदी कप-प्लेट्सना पण यादीत घेतलं. नंतर कंपोस्टेबलबाबत दुरुस्त्या झाल्यात, त्यामुळे ऑर्डर देण्याच्या दिवशी काय नियम आहे ते क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. दंड दुकानदाराला होतो, मला आधी फोन येतो तो भाग वेगळा.

आता मटेरियल, शेवटी एकदाचं.

माझा कल सध्या पाण्यातल्या डिस्पर्शन कोटिंगकडे आहे. म्हणजे प्लास्टिकची वेगळी फिल्म न चढवता पॉलिमरचे बारीक कण पाण्यात घेऊन कागदावर रंगासारखे चढवतात. यात पॉलिमर नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं, पण तो कमी असतो आणि लगदा करताना अख्खा पापुद्रा सुटून जाळीत अडकत नाही, मिलवाल्याची कटकट कमी. कटकट आमच्याकडे येते. साधं पॉलिथिन मशीनवर थोडं कमी-जास्त तापलं तरी सांभाळून घेतं, याचा टेंपरेचरचा पट्टा अरुंद. कमी तापलं तर सीम उघडते, जास्त तापलं तर कागद करपतो, कड वळवताना कोटिंगला चिरा जातात, आणि दमट हवेत रील स्वतःलाच चिकटते.

हे सगळं मी पैसे मोजून शिकलोय. एका पावसाळ्यात एका कॅफेवाल्यांना 40,000 कप या कोटिंगचे दिले, आमच्याकडे पाणी भरून दहा मिनिटं ठेवून बघितले होते, ठणठणीत. तिसऱ्या दिवशी फोटो यायला लागले, टेबलांवर गोल गोल डाग. बॉटम गळत होता. कारण काय तर मी साध्या पाण्याने टेस्ट केली होती आणि ते देत होते गरम दुधाची कॉफी, अर्धा अर्धा तास लोक लॅपटॉप उघडून बसलेले. गळती कोटिंगमधून नव्हतीच, सीमच्या आतल्या बाजूला कागदाची जी कापलेली कोरी कड असते तिथून. ती कड कॉफी वातीसारखी ओढते, आम्ही त्याला विकिंग म्हणतो, आणि तिथून ओल बॉटमच्या जोडापर्यंत उतरते. सगळा माल परत घेतला. तेव्हापासून टेस्ट अशी: प्रत्येक लॉटमधले 20 कप, 85 डिग्रीचं पाणी, त्यात खायचा लाल रंग, खाली पांढरा टिश्यू, 45 मिनिटं. मग कप उभा फाडायचा आणि कडेने लाल रेष किती मिलीमीटर आत शिरली ते पट्टीने मोजायचं. तुम्ही हे तुमच्या किचनमध्ये करू शकता, मशीन काही लागत नाही. सप्लायरसमोर करा, चेहऱ्यावरूनच कळतं.

बगॅस आपल्या महाराष्ट्राचा लाडका विषय, साखर कारखाने दारात. प्लेट आणि वाटीला उत्तम आहे. कपाला मात्र जाड होतो, कारण लगदा साच्यात दाबून आकार देतात, साच्यातून सुटावा म्हणून भिंत तिरकी ठेवावी लागते आणि पेपर कपासारखी गोल वळलेली कड मिळत नाही, ओठाला खरखरीत लागतो. शिवाय तेल-पाणी अडवायला काही ठिकाणी पीएफएएस जातीची रसायनं घालतात, ती निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. नाहीत असं सप्लायरकडून लेखी घ्या. झाकणासाठी मात्र बगॅस चांगला पर्याय आहे. पीएलएची साधी झाकणं घेऊ नका, ते 55-60 डिग्रीला मऊ पडतं, गरम कॉफीवर तर नाहीच चालत आणि मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवली तर न वापरताच पापडासारखी वाकडी होतात.

कुल्हडबद्दल बोललं की लोकांना राग येतो, पण भाजलेली माती परत माती होत नाही. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं निघाली, अजून खापरंच आहेत. त्यात भट्टीचं जळण, वजन, वाहतुकीत फूट. चव छान लागते हे मान्य, कुंभाराला काम मिळतं हेही मान्य, फक्त "इको" म्हणून घेऊ नका.

आता शेवटाची सोय, जी खरंतर डिझाईनचा भाग आहे पण कुणी धरत नाही. रिकामे कप बास्केटमध्ये वेडेवाकडे पडले की बास्केटमध्ये 90 टक्के हवाच असते, दुपारपर्यंत भरते. मी दोन दुकानांना करून दिलंय ते सांगतो. काउंटरच्या टोकाला एक छोटं भांडं, त्यावर जाळी, उरलेली कॉफी तिथे ओतायची. त्याच्या शेजारी कपाच्या व्यासाहून बोटभर मोठे तीन उभे पीव्हीसी पाईप, समोरून उभी चीर पाडलेली म्हणजे किती भरलं ते दिसतं. कप एकात एक जातात, 50 कपांची सुरळी हातभर लांबीची. पाटी लावायची पण गरज पडत नाही, पहिला कप तुम्ही ठेवा, पुढचे लोक आपोआप त्यात घालतात, माणसाला एकात एक बसवायची हौसच असते. संध्याकाळी सुरळ्या काढायच्या, सुतळीने बांधायच्या. असा एकजात, कोरडा, 300-400 किलो माल साठला की कागदाची मिल किंवा मोठा स्क्रॅपवाला ऐकून तरी घेतो, कारण कपाचा कागद व्हर्जिन म्हणजे नव्या लगद्याचा आणि लांब धाग्याचा असतो, माल वाईट नाहीये, फक्त तो विखुरलेला आणि घाण येतो म्हणून नकोसा. इंग्लंडात जेम्स क्रॉपर म्हणून जुनी पेपर मिल आहे, तिने 2013 मध्ये कपातलं प्लास्टिक वेगळं काढून त्याचा चांगला कागद करायचा प्लांटच टाकला. तुमच्या एकट्याचे 300-400 किलो व्हायला चार-पाच महिने लागतील, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन दुकानदारांना एकाच कोटिंगचा कप घ्यायला लावा, मिक्स माल कुणी घेत नाही. आणि सुरळ्या उचलायच्या आधी तुमच्या भागातल्या स्वच्छच्या ताईंशी बोला, किलोला काय द्यायचं ते ठरवा, फुकटात त्यांच्या डोक्यावर टाकू नका.

तर ऑर्डरच्या आधी एवढं करा: एक आठवडा थांबून पिणारे आणि नेणारे वेगवेगळे मोजा, जेवढे थांबणारे तेवढे काचेचे ग्लास घ्या (तुळशीबागेत होलसेलला मिळतील, जाड बुडाचे घ्या), आणि कपाचे फक्त 2,000 नग सँपल म्हणून मागवा. सप्लायर म्हणेल मिनिमम 25,000. तेव्हा कोरे द्या म्हणा, प्रिंटिंग नको, लोगोचा रबरी शिक्का आम्ही स्लीव्हवर मारतो. मग देतो. आम्ही सगळे देतो, आधी नाही म्हणतो एवढंच.